आभाळाकडे तोंड केलेला पडदा

सहदेव गमरेने आयुष्यात एकदाही टाळी घेतली नाही, पण पुष्कळांना ती मिळवून दिली. नाटक कंपनीत तो पडदे ओढायचा. नायिका शेवटचं वाक्य बोलून मान खाली घालते, तेव्हा पडदा लगेच सोडायचा नसतो. एक श्वास जाऊ द्यायचा असतो. त्याआधी सोडला तर वाक्य चिरडतं, उशीर झाला तर बिचारीला मान वर करावी की नाही ते कळेनासं होतं. तो श्वास नेमका केवढा, हे सहदेवच्या मनगटाला ठाऊक होतं. मोठमोठे नट प्रवेश करण्याआधी विंगेत त्याच्या खांद्याला हात लावून जात. नाव मात्र जाहिरातीत कधी आलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

कंपनी बसली तेव्हा मालकांनी सामान वाटून टाकलं. कुणी आरसे नेले, कुणी सिंहासन नेलं, पेटीवाल्याने पेटी नेली. सहदेवने जंगलाचा पडदा मागितला. सगळे हसले, कारण तेवढा मोठा पडदा ठेवायला त्याच्याकडे घर तरी कुठे होतं. पण पडदा काय सुरेख होता. जाड मांजरपाटावर सरसात कालवलेले रंग. साग, बांबू, लोंबत्या वेली, आणि डाव्या अंगाला वरून खाली कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा. त्या धबधब्यासमोर वनवासातल्या कितीतरी राण्या रडून गेल्या होत्या. सहदेवने तो टेम्पोत घालून भांडुपला आणला.

भांडुपच्या टेकडीवर, वस्ती संपून झाडी सुरू होते तिथे, पंचशील चाळ आहे. चाळीच्या अगदी वरच्या अंगाला एका ओळीत चार घरं. टोकाचं सहदेवचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो आणि मुलगी शीतल, अशी दोनच माणसं. शीतल मुलुंडला एका दुकानात बिलिंगला होती. लगतचं घर रिक्षावाल्या धोंडिरामचं आणि त्याच्या बायकोचं, मीराचं. पलीकडच्या दोन घरांत एक एकटी म्हातारी आणि एक लेकुरवाळं जोडपं.

दर चौदा एप्रिलला त्या चार घरांपुढच्या गल्लीत जयंतीचा मांडव पडायचा. उन्हाने पत्रे असे तापायचे, की आत स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा जीव जायचा. म्हणून सहदेव जंगलाचा पडदा चारही घरांच्या पत्र्यांवरून घेऊन गल्लीवर पुढे ताणायचा. खालून कोरं पांढरं कापड दिसायचं, आणि रंगवलेली बाजू वर आभाळाकडे. पहिल्या वर्षी पोरांनी कुरकुर केली होती, की एवढं झकास चित्र वर का, खाली करा, आम्हाला बघू द्या. सहदेव ऐकेना. पडदेवाल्यांचा एक जुना नेम आहे: रंगाचं तोंड जमिनीकडे करून पडदा कधी टाकायचा नाही. टाकला की कंपनी बसते. कंपनी केव्हाच बसली होती, तरी नेम तो नेमच. तेव्हा दर एप्रिलमध्ये तीन-चार दिवस भांडुपच्या वाळक्या टेकडीवर एक हिरवंगार जंगल आभाळाकडे तोंड करून पडलेलं असायचं, आणि ते बघायला कावळ्यांशिवाय कुणी नसायचं.

निदान सहदेवला तसं वाटत होतं.

नोटीस आली ती याच वर्षी, श्रावणात. चाळीतल्या बाकी सगळ्यांना पर्यायी खोल्या मिळणार होत्या, कारण त्यांची घरं सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीची होती. वरच्या ओळीतली चार घरं मात्र अपात्र. जंगल तोडून मागाहून बांधलेली, सबब दसऱ्यानंतर पाडणार, आणि पाडल्यावर बदल्यात काही नाही.

"मागाहून?" धोंडिराम म्हणाला. "माझी मोठी पोरगी ह्या घरात जन्मली, तिचं लग्न झालं. मागाहून म्हणजे काय, उद्या?"

मुलुंडच्या कार्यालयात सुनावणी लागली. शीतलने विजेची बिलं, रेशनकार्ड, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून नेलं. साहेबांनी ती वाचली, आणि वाचली हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, "ह्या सगळ्यावर पत्ता काय? पंचशील चाळ. चाळ जुनी आहे, मी कुठे नाही म्हणतो. तुम्ही तेव्हा खाली राहत असाल आणि नंतर वर सरकला असाल. कोणतं घर केव्हाचं, हे कागद सांगत नाही. हे सांगतं." आणि त्यांनी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलीकडे बोट केलं.

तिचं नाव शर्मिष्ठा. सर्वेक्षणाचं काम घेतलेल्या कंपनीतली इंजिनियर. तिने लॅपटॉपच्या पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. दोन्ही उपग्रहाने काढलेले, एकाच जागेचे. एक ठरलेल्या तारखेच्या आधीचा, एक अलीकडचा. ती हळू बोलत होती, शाळेत समजावल्यासारखी.

"आम्ही यंत्राला अशा हजारो जोड्या दाखवल्यात, काका. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि माणसांनी खूण करून दिलेलं, की इथे खरोखर बदल झालाय. बघून बघून ते शिकतं. सावली हलली, गवत वाळलं, तर ते सोडून द्यायचं. झाड जाऊन घर आलं, तर धरायचं. मग नवीन जोडी दिली की ते स्वतःच सांगतं. बदल झाला तिथे लाल."

तिने एक कळ दाबली. आख्खी टेकडी काळी झाली आणि वरच्या अंगाला एक छोटा लाल चौकोन उरला. चार घरांचा.

"आधी जंगल," साहेब म्हणाले, "नंतर पत्रे. यंत्राला तुमच्याशी वैर असायचं कारण नाही."

धोंडिराम भांडायला लागला. शीतल त्याचा शर्ट ओढत होती. सहदेव मात्र खुर्चीतून उठून जुन्या फोटोच्या अगदी जवळ गेला होता. आजूबाजूची टेकडी तपकिरी, वाळलेली. मधे तेवढा एक हिरवा ठिपका, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. आणि त्या हिरव्यात, डाव्या अंगाला, एक पांढरी रेघ.

भांडुपच्या टेकडीवर भर एप्रिलात धबधबा.

त्याने त्या रेघेवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "साहेब, हे जंगल नाही. हा माझा पडदा आहे."

"कसला पडदा?"

"नाटकातला. जयंतीला आम्ही घरांवरून टाकतो. घरं खाली आहेत. आम्ही खालीच आहोत साहेब, ह्या फोटोत. बहुतेक जेवायला बसलोय."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. चिडून नव्हे, दमून. "बाबा, दिवसभर माझ्यासमोर लोक रडतात, पडतात, चक्कर येते त्यांना. एक विनंती आहे. इथे नाटक नको."

त्या तीन शब्दांनी सहदेवला जेवढं लागलं, तेवढं नोटिशीने लागलं नव्हतं.

जिन्यावर शर्मिष्ठा मागून धावत आली. "काका, ती पांढरी रेघ मलाही खटकली होती. वाटलं, पायवाट असेल." मग थोडं थांबून म्हणाली, "खरं पान आणि हिरवा रंग, यांतला फरक ओळखता येतो. आपल्या डोळ्यांना दिसत नाही असा एक चौथा रंग उपग्रहाला दिसतो. जिवंत पान त्यात लखलखतं, रंगवलेलं काळं पडतं. पण तो जुना फोटो साध्या तीन रंगांतलाच मिळालाय. चौथा नाहीच त्यात."

"मग झालं," शीतल म्हणाली. "वाट लागली."

"पाडण्याआधी एकदा ताजा फोटो घेतात, चारही रंगांतला. दसऱ्याच्या अलीकडे, ढग नसतील त्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. तो पडदा आहे का अजून तुमच्याकडे?"

पडदा होता. पण मधल्या एका वादळात त्या ओळीतले पत्रे फाटले, म्हातारी रात्रभर खाटेवर छत्री धरून बसली, तेव्हा सहदेवने स्वतःच्या हातांनी कात्री चालवून पडद्याचे चार तुकडे केले होते. ज्याच्या त्याच्या पत्र्यावर एकेक, आणि वर निळी ताडपत्री. तुकडे करताना तो म्हणाला होता, की जंगल शेवटी माणसांच्या डोक्यावरच बरं.

ती संध्याकाळ वाईट गेली. धोंडिराम दारात उभा राहून बोलला. आवाज चढवला नाही, हेच जास्त झोंबलं.

"म्हणजे तुझ्या पडद्याने आमची घरं खाल्ली, सहदेवा."

"हो."

"पोरं सांगत होती, चित्र खाली कर. तुला तुझा नेम. कंपनी बसते म्हणे. आता कोण बसलं रे? आम्ही बसलो ना."

मीरा आतून म्हणाली, "अहो, पुरे. त्यांचंही घर त्यातच आहे." पण ती बाहेर आली नाही. सहदेव ओट्यावर बसून राहिला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची नाटकं झाकली आणि उघडली. त्याच्या पडद्यामागे कुणी अडकून राहिलं, असं कधी झालं नव्हतं.

शर्मिष्ठेने शीतलला एक गोष्ट बजावून सांगितली होती: चोरून काही करू नका. म्हणून शीतलने अर्ज लिहिला, की आम्ही तोच पडदा पुन्हा त्याच जागी टाकत आहोत, यंत्र फसतं का ते पाहावं. साहेबांनी तो उभ्यानेच वाचला. "टाका," म्हणाले. "ज्या घराला यंत्र जंगल म्हणेल, त्या घराचा मी फेरविचार करीन. ज्याला घर म्हणेल, ते पाडीन. हा माझा शब्द, आणि हे अर्जावर लिहून देतो." त्यांनी खरंच लिहून दिलं. वाईट माणूस नव्हता तो. एका बाजूला उभं राहून ज्याला सगळं नाटक अर्धंच दिसतं, तसा माणूस होता.

भाद्रपदातल्या पहिल्या उघडिपीला ताडपत्र्या निघाल्या. सहदेवचा तुकडा चांगला निघाला. दर पावसाळ्याआधी तो वर चढून ताडपत्रीच्या कडा स्वतः दाबून घ्यायचा. म्हातारीचा आणि जोडप्याचा जरा डागाळलेला, पण हिरवा. धोंडिरामची ताडपत्री मात्र केव्हाची फाटलेली होती. सरसातले रंग ते; पाण्याला टिकतात थोडेच. त्याच्या पत्र्यावरून जे निघालं, ते एक राखाडी, ओघळांचं फडकं होतं.

धोंडिराम ते हातात धरून उभा राहिला. "हे कसलं जंगल? हे तर पोतेरं झालंय."

"अण्णा, ऑइलपेंट आणते," शीतल बापाला म्हणाली. "तासाभराचं काम."

सहदेवच्या डोळ्यांत क्षणभर आशा चमकली. मग त्याने मान हलवली. साहेब पडदा बघायला मागणार. एका तुकड्यावर ताजा रंग दिसला, की चारही तुकडे खोटे. शर्मिष्ठेला फोन केला, तर तीही तेच म्हणाली.

दोन दिवस सहदेव ओट्यावर दाभण आणि सुतळी घेऊन तुकडे जोडत बसला. बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती. शीतल कामावरून आली तेव्हा पडदा घडी करून ठेवलेला होता. तिने सहज कोपरा उचलून पाहिला, आणि तिचा हात थांबला. ज्याच्या पत्र्यावरचा तुकडा त्याच्याच जागी यायला हवा होता. तसं नव्हतं. धबधब्याचा, सहदेवचा स्वतःचा तुकडा धोंडिरामच्या जागी आला होता. राखाडी फडकं टोकाला होतं.

"अण्णा, हे उलटं शिवलंत तुम्ही."

"नाही."

"टोकाचं घर आपलं आहे."

"ठाऊक आहे मला आपलं घर."

"त्या माणसाने तुम्हाला दारात उभं राहून काय काय सुनावलं, विसरलात?"

"खरंच बोलला ना तो?" सहदेवने दाभण पुसून डबीत ठेवलं. "त्याचं घर माझ्या पडद्याने झाकलं. माझं घरही माझ्याच पडद्याने झाकलं. दोन्हींत फरक आहे, शीतल."

"आणि मी? मी कुठे जाऊ? माझं घर कुणी झाकलं?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली. सहदेवने चहा केला, तिच्याजवळ ठेवला. तो तसाच गार झाला. सकाळी कामाला जाण्याआधी मात्र तिने एक शब्द न बोलता पडद्याचं एक टोक धरलं आणि शिडीवर चढली.

मग रोजचा एकच खेळ सुरू झाला. दहा वाजता पडदा वर, बारा वाजता खाली. कधी ढग दाटून यायचे आणि चारही घरची माणसं धावत येऊन पडदा खाली ओढून गोळा करायची, कारण एक सर पडली असती तर उरलेलं जंगलही गटारात वाहून गेलं असतं. निम्म्या दिवसांत तर पसरताच आला नाही. घरं आता नुसत्या ताडपत्रीवर होती. म्हातारीच्या चुलीवर पाणी गळायचं. धोंडिराम सकाळचा धंदा बुडवून घरी थांबायचा. खालच्या चाळीतली माणसं येताजाता विचारायची, "काय सहदेवकाका, आज कुठलं नाटक?" सहदेव म्हणायचा, "तेच. प्रेक्षक एकच आहे, तोही फार वर बसतो. केव्हा येईल सांगत नाही." हसून म्हणायचा. पण पत्र्याखाली उभं राहून आभाळाकडे बघताना त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं. कुठल्या क्षणी दोरी सोडायची, हे ज्याला आयुष्यभर अचूक कळलं, त्याला आता तो क्षण दिसतही नव्हता.

घटस्थापना झाली आणि बोलावणं आलं.

तेच टेबल, तोच लॅपटॉप. शर्मिष्ठेने ताजा फोटो लावला. टेकडी पावसाने हिरवीगार, आणि तिच्या कुशीत सरळ कडांचं ते जंगल, मधे पांढरी रेघ. तिने कळ दाबली. मागच्या वेळच्या अलीकडच्या फोटोशी ताडून यंत्राने उत्तर दिलं: तीन घरं नाहीशी झाली, तिथे पुन्हा झाडी आली.

साहेब पुढे वाकले. ती तीन नाहीशी झालेली घरं त्यांच्यासमोर खुर्च्यांवर बसलेली होती. म्हातारी पदराने नाक पुसत होती.

"आता चौथा रंग बघा, सर," शर्मिष्ठा म्हणाली. चित्र बदललं. सगळी टेकडी लखलखली, पानन् पान. मधला पडदा काळाठिक्कर. "हिरवं आहे, पण जिवंत नाही. जुन्या फोटोतलं जंगलही हाच पडदा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तीन घरांची कारवाई थांबवतो," ते म्हणाले. "फेरविचारासाठी वर पाठवतो. आणि हे चौथं?"

टोकाला राखाडी चौकोन होता. यंत्राने त्याला पत्रा म्हटलं होतं. बदल नाही. घर होतं, घर आहे.

"सर, त्या तुकड्याचा रंग धुतला गेलाय," शर्मिष्ठा म्हणाली. "जुन्या फोटोत पडदा चारही घरांवर आहे. तीन खरी, तर चौथंही खरंच ना?"

"तुम्हाला आणि मला कळतं ते. पण मी लिहून काय दिलंय? ज्याला यंत्र जंगल म्हणेल, ते." त्यांच्या आवाजात आता खरोखर खंत होती. "मीच लिहिलेलं मी मोडलं, तर वरचे उरलेली तीनही परत पाठवतील. यांनी अपील करावं. मी विरोध करणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे."

धोंडिराम फोटोकडे बघत होता. एकदा पांढऱ्या रेघेकडे, एकदा टोकाच्या राखाडीकडे. इतके दिवस पडदा ओढला त्याने, पण नेहमी खालच्या, पांढऱ्या बाजूने. वरून तो त्याने पहिल्यांदाच पाहिला. त्याचं तोंड उघडलं. "साहेब, ते फडकं..."

मीराने टेबलाखाली त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. धोंडिरामने तिच्याकडे पाहिलं, मग सहदेवकडे, मग आपल्या चपलांकडे. पुढचं वाक्य आलं नाही.

सहदेवने तेवढा एक श्वास जाऊ दिला. मग तोच बोलला, "करतो अपील, साहेब."

बाहेर पायऱ्यांवर धोंडिरामने त्याला गाठलं. "माझ्या घरावरचं होतं ना रे ते? का केलंस असं? मला विचारायचं तरी."

"विंगेतलं विंगेत राहू दे, धोंड्या."

"माझ्याकडे राहा. तू आणि शीतल. खोली मिळेल ती..."

"तुझ्या घोरण्यात? त्यापेक्षा फूटपाथ बरा." धोंडिराम हसला नाही. सहदेवही नाही. शीतल त्यांच्यापुढे चार पावलं निघून गेली होती, वळून न बघता.

फेरविचार होईपर्यंत पडदा कार्यालयात जमा करायचा होता. दुसऱ्या दिवशी सहदेव तो रिक्षाने घेऊन गेला; रिक्षा धोंडिरामचीच, मीटर न टाकलेली. शिपायाने पावती दिली आणि मागच्या खोलीत, जप्त केलेल्या हातगाड्यांच्या ढिगाशेजारी, पडदा जमिनीवर टाकला. तो पडताना उलगडला आणि रंगाचं तोंड फरशीकडे गेलं.

"एक मिनिट," सहदेव म्हणाला.

तो गुडघ्यांवर बसला. एकट्याला पेलण्याजोगं वजन नव्हतं ते, तरी त्याने कडेकडेने, हातभर हातभर ओढत, सगळा पडदा पालथ्याचा उताणा केला. धबधबा वर आला, बांबू वर आले, शेवटी ते राखाडी ओघळही वर आले. शिपाई चावी वाजवत दारात उभा होता.

"काय फरक पडतो बाबा? इथे कोण बघतंय?"

सहदेवने राखाडी तुकड्यावरची एक सुरकुती तळहाताने सरळ केली. दसऱ्याला तीन दिवस उरले होते. "कुणी नाही," तो म्हणाला, आणि भिंतीला धरून उठला.